विरलेली कॉलर उलटवण्याची युद्धकालीन रीत

1 जून 1941 रोजी ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षासाठी माणशी 66 कुपने मिळाली. त्यांतली 26 एका लोकरी थ्री-पीस सुटाला आणि 5 सुती शर्टाला जात, शिवाय किंमत मोजावी लागे ती वेगळीच. पुढे हा कोटाही घटत गेला. त्यामुळे केवळ कॉलर विरली म्हणून शर्ट टाकणे परवडेना, आणि तेथील व्यापार खात्याने ‘मेक डू अँड मेंड’ अशी मोहीमच काढून डागडुजीला सरकारी प्रतिष्ठा मिळवून दिली. आमच्या परभणीकडे लुगड्याचा विरलेला भाग कापून उरलेले तुकडे जोडणाऱ्या, म्हणजेच दंड घालणाऱ्या आजीला मात्र या मोहिमेचे फारसे नवल वाटले नसते.

आपल्याकडे उन्हाळ्याच्या घामाने खादीच्या शर्टाची कॉलर नेमकी घडीवर विरते, तिला कॉलर उसवून उलट्या बाजूने पुन्हा शिवण्याची हीच रीत लागू पडते. आधी कॉलरची खालची बाजू तपासावी. तेथे वेगळे कापड किंवा टोके ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांचे खिसे असतील, तर नाद सोडावा. कॉलर आणि गळपट्टी (कॉलर जिच्यात शिवलेली असते ती गळ्याभोवतीची उभी पट्टी) या दोहोंचा मध्य टाचणीने खुणावून मगच त्यांमधली शिवण ब्लेडच्या टोकाने एकेक टाका तोडत उसवावी. धागा ओढून उसवण्याचा मोह टाळावा, कारण जुने कापड त्याच ओढीने फाटते. गळपट्टी शर्टापासून सोडवू नये. ती उलटवली, तर काज आणि बटण बाजू बदलतात आणि पुरुषी शर्टाचा बायकी शर्ट होतो.

विरलेल्या जागी बारीक धावदोरा घालून कॉलर उलटवावी, म्हणजे ती जागा खाली दडते. खुणा जुळवून कॉलर गळपट्टीच्या दोन पदरांत सरकवावी, कच्चे टाके घालावेत आणि मध्यापासून एकेका टोकाकडे मशीन मारावी. एका टोकापासून सुरुवात केल्यास दुसऱ्या टोकाला हमखास कापड उरते. शेवटी ओलसर असतानाच इस्त्री करावी.

दुसरी बाजूही विरली, तर त्या काळी शर्टाच्या मागच्या घेरातून नवी कॉलर कापत आणि तेथे मिळेल त्या कापडाचे ठिगळ लावत, कारण तो भाग पँटमध्ये खोचलेलाच राही.