बाळंतविड्यातले लंगोट: किती घ्यायचे, कसे बांधायचे, कसे धुवायचे

कापडी लंगोट किती लागतील, याचं उत्तर बाळाआधी तुमची कपडे वाळत घालायची दोरी देते. पहिले काही आठवडे बाळ दिवसरात्रीत 10 ते 12 लंगोट सहज ओले करतं. धुणं किती दिवसांनी होतं आणि वाळायला किती दिवस लागतात, यांची बेरीज करा आणि तिला रोजच्या लंगोटांनी गुणा. एप्रिलमध्ये पुण्यात रोज धुतलं आणि संध्याकाळपर्यंत वाळलं, तर 12 गुणिले 2, म्हणजे 24 पुरतात. जुलैत रत्नागिरीत किंवा ठाण्याच्या बंद बाल्कनीत तेच लंगोट दोन दिवस दमट राहतात, मग 12 गुणिले 3, म्हणजे 36. त्यावर पाच-सहा जास्तीचे ठेवा, कारण एखाद्या दिवशी पाणी येत नाही आणि एखाद्या दिवशी धुण्याच्या मावशी. म्हणून बाळंतविडा भरायला घेताना आधी प्रसूतीची तारीख कोणत्या महिन्यातली आहे ते पाहा.

कापड कोणतं

पहिल्या दोन महिन्यांसाठी जुन्या सुती कापडाइतकं चांगलं काही नाही. मऊ झालेलं धोतर, पंचा किंवा सुती साडी घ्या. वर्षानुवर्षांच्या धुण्यात त्यातली खळ आणि सुताचा नैसर्गिक मेणकटपणा निघून गेलेला असतो, त्यामुळे ते ओल लगेच पितं. कापड खरंच सुती आहे का याची शंका असेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब क्षणात पसरून आत गेला तर कापड कामाचं. मोत्यासारखा वर बसून राहिला तर त्यात पॉलिएस्टर आहे किंवा खळ शिल्लक आहे.

पाचवारी साडीचे काठ आणि पदर काढल्यावर साधारण साडेचार मीटर लांब आणि एक मीटर रुंद कापड उरतं. त्यातून 50 सेंटिमीटरचे 18 चौकोन निघतात. कडा दुमडून टीप मारा, नुसत्या कातरून सोडू नका. सुटलेला दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला किंवा मुलाच्या शिश्नाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा तुटतो, आणि बाळ का रडतंय ते कपड्यात दिसत नाही. लंगोट बदलताना बोटांकडे एक नजर टाकायची सवय लावून घ्या.

दुकानातून आणलेलं मलमल किंवा होजिअरीचं कापड वापरण्यापूर्वी निदान तीनदा धुऊन वाळवा. बांबू किंवा हेम्पचे (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचे) जाड थर सहा ते आठ धुण्यांनंतर कुठे पूर्ण शोषायला लागतात. तोवर ते गळतात, आणि लोक नाहक म्हणतात की डायपर वाईट निघालं.

एक गोष्ट मात्र कुठलीही तडजोड न करता पाळा. ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली दुपटी, झबली, लंगोट बाळाला वापरू नका. डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे जी-6-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ गंभीर होऊ शकते. ही कमतरता बाळ जन्मल्यावर वरून कळत नाही. असे कपडे बाळाच्या जवळही आणू नयेत. घरातलं जुनं कापडच हवं असेल तर डांबरगोळ्या कधीच न लागलेलं निवडा. पुढच्या बाळासाठी कपडे ठेवताना पूर्ण वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी घालून ठेवा.

विकतची कापडी डायपर कधी

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला प्रकार म्हणजे नुसतं कव्हर. ते पीयूएलचं असतं, म्हणजे पॉलिएस्टर कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला. आतला लंगोट बदलायचा आणि कव्हर शी लागली नसेल तर पुसून पुन्हा वापरायचं. दुसरा खिशाचा, ज्यात शोषणारी पट्टी खिशात सारतात. तिसऱ्यात पट्टी शिवूनच टाकलेली असते. तो घालायला सर्वांत सोपा आणि वाळायला सर्वांत हट्टी आहे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तो घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘एकच माप, जन्मापासून तीन वर्षांपर्यंत’ असं लिहिलेली डायपर आधीच डझनाने घेऊन ठेवू नका. आपल्याकडची बरीच बाळं जन्मतः अडीच ते तीन किलोची असतात. मांड्या बारीक, त्यामुळे सगळी बटणं लावूनही इलॅस्टिक आणि मांडी यांत फट राहते आणि तिथूनच गळतं. ही डायपर साधारण पाच किलोनंतर नीट बसतात. तोवर साधे लंगोट आणि नवजात मापाची चार-पाच कव्हर पुरे. बाळ पाच किलोचं झालं की वेगवेगळ्या कंपन्यांची दोन-तीन आणून पाहा, जे मांडीला बसेल तेच पुढे वाढवा. तेव्हा दिवसाला सहा ते आठ बदल पुरतात. वरचा हिशेब त्याच आकड्याने पुन्हा करा.

बांधायचं कसं

1. चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करा. लांब बाजू बाळाच्या कमरेखाली, टोक पायांकडे.

2. दुसरा चौकोन घड्या घालून चार पदरी पट्टी करा आणि त्रिकोणाच्या मधोमध उभी ठेवा. मुलगा असेल तर पट्टीची एक घडी पुढच्या बाजूला जास्त ठेवा, मुलगी असेल तर मध्यावर.

3. टोक पायांमधून वर घ्या. नाळ पडली नसेल तर वरची कड बेंबीच्या खाली दुमडा. नाळ कोरडी आणि उघडी राहिली पाहिजे. त्यावर तेल, हळद, राख काही नको.

4. दोन्ही बाजूंची टोकं पुढे आणून खोचा किंवा गाठ मारा. गाठ बेंबीवर नको, बाजूला घ्या. पोट आणि कापड यांमध्ये तुमची दोन बोटं सहज गेली पाहिजेत. सेफ्टी पिन वापरू नका.

5. वरून कव्हर घालणार असाल तर कव्हरचं इलॅस्टिक मांडीवर नको, जांघेच्या घडीत बसवा. मग कडेने बोट फिरवा. आतलं सुती कापड कुठेही बाहेर डोकावता कामा नये.

लंगोट बांधल्यावर बाळाचे गुडघे वाकलेले आणि बाहेरच्या बाजूला मोकळे राहायला हवेत. पाय सरळ करून दुपट्यात घट्ट आवळण्याची पद्धत खुब्याच्या सांध्याला घातक आहे.

मालिशच्या दिवसात एक क्रम सांभाळा: मालिश, अंघोळ, मग लंगोट. तेलकट अंगावर बांधलेला लंगोट तेल पितो आणि नंतर लघवी पीत नाही.

पहिले दोन-तीन दिवस शी काळपट हिरवी आणि डिंकासारखी चिकट असते. त्यासाठी सर्वांत जुनी फडकी वापरा, ती टाकून द्यावी लागली तरी वाईट वाटणार नाही. साध्या लंगोटाचा एक मोठा फायदा याच दिवसांत होतो. ओले किती झाले ते मोजता येतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून 24 तासांत निदान सहा चांगले ओले लंगोट दिसले पाहिजेत. कमी असतील, किंवा लघवी गडद पिवळी असेल, तर दूध पुरेसं जात नसावं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

गळतं तेव्हा

डायपर काढल्यावर आतली पट्टी हाताने चाचपून पाहा. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत निथळत असेल तर एक थर वाढवा किंवा लवकर बदला. पट्टी अर्धी कोरडी आणि बाळाची मांडी ओली असेल तर माप चुकलंय. मांडीची बटणं एक रांग आवळा. पट्टी जवळजवळ कोरडी आणि सगळं बाहेर आलं असेल तर कापड ओल झिडकारतंय. याची कारणं तीन: नवं कापड पुरेसं धुतलेलं नाही, कपडे मऊ करायचं द्रव वापरलं, किंवा रॅशच्या मलमाचा थर बसला. फक्त झबल्याची कड ओली होत असेल तर सुती कापड कव्हरबाहेर डोकावतंय.

मायक्रोफायबरची पट्टी लघवी झटकन ओढते, पण बाळाला कडेवर घेतलं की दाबाने सोडूनही देते. म्हणून डायपरच्या खिशात ती वर आणि तिच्याखाली सुती थर, असं ठेवा. ती थेट कातडीला कधीच लावू नका, त्वचेतला ओलावा शोषून घेते.

धुणं

बहुतेक घरांत कापडी लंगोट सुटतात ते इथे. ओला लंगोट काढल्याबरोबर नळाखाली धरून पिळा आणि जाळीच्या टोपलीत मोकळा टाका. पाण्याच्या बादलीत दिवसभर भिजत ठेवू नका. लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होत राहतो, इलॅस्टिक सैल होतं, आणि घरात रांगतं मूल असेल तर भरलेली बादली जिवावर बेतू शकते. अंगावरच्या दुधाची पातळ शी पाण्याच्या फवाऱ्याने निघून जाते. वरचं अन्न सुरू झाल्यावर शी कमोडमध्ये झटकायची, उरलेली फवाऱ्याने काढायची.

मशीनमध्ये दोनदा धुवा. पहिल्यांदा गार पाण्यात, अर्ध्या पावडरने, लहान सायकल. ते पाणी गेलं की दुसरी लांब सायकल पूर्ण मापाच्या पावडरने, सुती लंगोटांना 60 अंशांवर, पीयूएलला 40 अंशांच्या वर नाही. ड्रम पाऊण भरलेला हवा. अगदी रिकामा असेल तर कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, कोंबला तर पाणी आत शिरत नाही. शेवटी एकदा जास्त खळबळून घ्या.

हाताने धुणार असाल तर कोमट साबणपाण्यात अर्धा तास, मग चोळणं, मग फेस पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाणी. साधारण तीन पाणी लागतात. पीयूएलला ब्रश लावू नका आणि पीळ देऊन पिळू नका, आतला थर तडकतो.

‘बाळाचं आहे’ म्हणून पावडर चिमूटभर घालण्याचा मोह होतो. त्यानेच वास राहतो. ओला झाल्याबरोबर लंगोटाला डोळे चुरचुरवणारा दर्प येत असेल तर जुनी लघवी कापडात अडकली आहे, पावडर वाढवायला हवी. रिठा रेशमी झबल्याला चांगला, पण लघवीच्या कपड्यांना एकटा पुरत नाही. बोअरवेलचं पाणी जड असेल तर साबण फेसाळत नाही आणि कापड पुठ्ठ्यासारखं होतं. तिथे मुख्य धुण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला आणि शेवटचं पाणी एकदा जास्त घ्या. डेटॉलसारखं जंतुनाशक शेवटच्या पाण्यात घालायची सवय बऱ्याच घरांत आहे. ती मोडा. त्याचा अंश कापडात राहून कोवळ्या कातडीला झोंबतो. जंतू मारायला गरम पाणी, साबण आणि ऊन पुरेसं आहे. पिवळे डागही उन्हानेच जातात, लंगोट ओला असतानाच उन्हात टाका. पीयूएल मात्र सावलीत.

पावसाळ्यात मशीनमधून दोनदा पिळून काढा आणि पंख्याखाली दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवून घाला. वाळत आलेल्या सुती लंगोटावर कडक इस्त्री फिरवली की उरलेली ओल जाते. शेगडीवर टोपली पालथी घालून लंगोट वाळवणं आणि धुरी देणं बाळाच्या खोलीत नको. तो धूर बाळाच्या छातीत जातो, आणि पीयूएल तर वितळतंच.

रॅश, रात्र आणि बाहेर

दिवसा दर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली की लगेच. साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, थोडा वेळ उघडं ठेवा. पावडर लावू नका, ती श्वासातून आत जाते. बोरिक पावडर तर विषारी आहे. झिंकचं मलम लावायचं असेल तेव्हा आत पातळ मलमलचा तुकडा घाला आणि तो वेगळा धुवा. जांघेच्या घडीत लालभडक चट्टा आणि भोवती सुटे लाल ठिपके दिसले तर बहुधा बुरशी आहे, घरगुती उपायांनी ती जात नाही. फोड, पू, रक्त, ताप, किंवा तीन दिवसांत फरक नाही, यांपैकी काहीही असलं तर डॉक्टर. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला काय वापरायचं ते अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनाच विचारा.

रात्री दुधासाठी उठता तोवर त्याच वेळी लंगोट बदला. बाळ सलग झोपायला लागलं की हेम्पची पट्टी आणि तिच्यावर दोन सुती थर घाला, मांडीची बटणं मात्र तीच ठेवा.

पाळणाघरात खिशाची डायपर पट्ट्या भरून द्या, सोबत चेनची जलरोधक पिशवी. मावशींना घडी शिकवायची गरज पडत नाही. एसटीच्या लांब प्रवासात किंवा लग्नघरात विकतचं टाकाऊ डायपर खुशाल वापरा. घरी आल्यावर लंगोट आहेतच.