गाडीत सीडी लावावी की पेन ड्राइव्ह? जुना संग्रह गाडीत नेण्याची रीत

आता बाजारात येणाऱ्या बहुतेक गाड्यांत सीडी घालायची फटच नसते. जुन्या गाडीत ती असेल तर सीडी की फाइल हा प्रश्न खराच आहे. नसेल तर कपाटातल्या सीडी गाडीत ऐकायच्या कशा, एवढंच उरतं. दोन्ही वेळा सुरुवात एकाच ठिकाणी होते: आपला स्टिरिओ काय वाचतो ते आधी पाहायचं.

१. स्टिरिओ तपासा

पुढच्या पट्टीवर ‘एमपी३’ असं छापलेलं असेल तर तो डेटा सीडीवरची (संगणकाच्या फाइल तशाच उतरवलेल्या सीडीवरची) गाणीही वाचतो. काहीच छापलं नसेल तर फक्त साधी ऑडिओ सीडी, असं धरून चाला. यूएसबी पोर्ट असेल तर मॅन्युअलमध्ये तीन गोष्टी शोधा: कोणत्या प्रकारच्या फाइल चालतात, किती जीबीपर्यंतचा ड्राइव्ह चालतो, आणि किती फोल्डर व फाइलची मर्यादा आहे. अनेक गाड्यांत दोन पोर्ट असतात आणि त्यातला एक नुसता चार्जिंगचा असतो. विजेच्या चिन्हाच्या पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह खोचून ‘वाचत नाही’ म्हणण्याआधी दुसरा पोर्ट बघा.

२. आवाजाचा हिशेब

ऑडिओ सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटचे, दोन चॅनलमध्ये असतात. म्हणजे सुमारे १,४११ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट), मिनिटाला साधारण १० एमबी. ३२० केबीपीएसची एमपी३ मिनिटाला २.४ एमबी घेते. फ्लॅक हा फाइलचा दुसरा प्रकार मूळ आवाजातला एकही बिट न गमावता आकार निम्म्याच्या आसपास आणते. कागदावर सीडी आणि फ्लॅक सरस, यात वाद नाही. पण गाडी हायवेला लागली की टायर, वारा आणि एसीचा आवाज गाण्यातले हळुवार भाग गिळून टाकतो. तिथे ३२० ची नीट केलेली एमपी३ आणि सीडी यांतला फरक ओळखणं जवळजवळ अशक्य. आमचा कल स्पष्ट आहे: चालत्या गाडीत एमपी३ पुरे, वेगळा अँप्लिफायर आणि चांगले स्पीकर बसवले असतील व गाडी उभी करून ऐकायची सवय असेल, तरच फ्लॅकचा आग्रह धरा.

खरा फरक पडतो तो फाइल आली कुठून यावर. दुकानातून ‘हजार गाणी भरून’ मिळणाऱ्या पेन ड्राइव्हवर बरेचदा १२८ केबीपीएसच्या, दोन-तीनदा रूपांतर झालेल्या फाइल असतात. झांजा आणि टाळ फुसफुसतात, तंबोरा पाण्याखाली वाजतोय असं वाटतं. अशी फाइल ३२० मध्ये बदलली तर आकार वाढतो, गेलेला आवाज परत येत नाही. तिची ऑडिओ सीडी बनवूनही नाही.

३. सीडीवरून फाइल काढा

आधी सीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका. गोलाकार ओरखडा डेटाच्या रेषेला समांतर जातो आणि तो दुरुस्त करणं प्लेअरला जड जातं. खालच्या, चकचकीत बाजूचे बारीक ओरखडे बहुतेकदा निभावतात. छापील बाजूचा खोल ओरखडा मात्र घातक, कारण डेटाचा थर त्या छपाईच्या अगदी लगेच खाली असतो.

विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा मोफत प्रोग्रॅम वापरा. त्यात सिक्युअर मोड (चुका पकडण्यासाठी पुन्हा पुन्हा वाचणारी पद्धत) ठेवा आणि ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडा. प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो; दोन्ही वेळचे सीआरसी (वाचलेल्या डेटावरून काढलेले पडताळ्याचे) आकडे जुळले तर बहुधा फाइल नीट उतरली. नाही जुळले तर सीडी पुन्हा पुसा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. हा प्रोग्रॅम निकाल ऑनलाइन नोंदींशीही ताडून बघतो, पण कमी खपाच्या मराठी सीडीची नोंद तिथे नसेल तर घाबरू नका, सीआरसी जुळणं पुरेसं आहे.

एकदाच फ्लॅकमध्ये काढा आणि ती प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. गाडीसाठीची एमपी३ त्या फ्लॅकपासून लेम या एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रॅमने बनवा. उद्या गाडी बदलली तर पुन्हा सीडी हुडकत बसावं लागत नाही. तासाभराच्या १०० सीडी फ्लॅकमध्ये साधारण ३० ते ४० जीबी होतात, ३२० च्या एमपी३मध्ये सुमारे साडेचौदा.

४. ख्याल आणि मैफलीची अडचण

चित्रपटगीतांना ही पायरी लागत नाही. पण मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे सीडीवर ट्रॅक बदलतो, आवाज मात्र अखंड राहतो. एमपी३ बनवताना प्रत्येक फाइलच्या दोन्ही टोकांना क्षणभराची शांतता जोडली जाते. शिवाय स्टिरिओ पुढची फाइल उघडायला थोडा वेळ घेतो. परिणामी नेमका समेवर खड्डा पडतो. उपाय सोपा: अशी सीडी ट्रॅक न पाडता, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीतलं ‘कॉपी रेंज’ वापरून एकच लांब फाइल म्हणून काढा.

५. नावं आणि टॅग

टॅग म्हणजे फाइलच्या आत साठवलेली गाण्याची माहिती. ‘एमपी३टॅग’ या प्रोग्रॅमने गायक, अल्बम, ट्रॅक क्रमांक भरा. अनेक स्टिरिओंना देवनागरी लिपी येत नाही, पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. आधी एका फाइलवर करून पाहा. दिसलं नाही तर मुकाट्याने रोमन लिपीत लिहा. टॅगचा प्रकार आयडी३ २.३ ठेवा, कारण २.४ बऱ्याच जुन्या स्टिरिओंना वाचता येत नाही. मुखपृष्ठाचं चित्र ५०० बाय ५०० पिक्सेलच्या आत, साधं जेपीईजी.

६. पेन ड्राइव्ह भरा

३२ जीबीचा घ्या. ६४ चे बहुधा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि कितीतरी स्टिरिओंना फक्त फॅट३२ ही ड्राइव्हवर फाइल मांडण्याची जुनी पद्धत कळते. मोठा ड्राइव्ह असला की इंजिन सुरू केल्यावर यादी बनवायलाही तो वेळ खातो. बुटका, पोर्टच्या बाहेर जेमतेम नख मावेल एवढा ड्राइव्ह बरा. लांब असला तर गिअर टाकताना हात लागून पोर्टच सैल होतो.

फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे द्या. तरीही क्रम उलटसुलट झाला तर स्टिरिओ नावाप्रमाणे नव्हे, कॉपी झालेल्या क्रमाने वाजवतोय. ‘ड्राइव्हसॉर्ट’सारखा प्रोग्रॅम हा क्रम नावाप्रमाणे लावून देतो. मॅकवरून कॉपी केलं तर ‘._’ने सुरू होणाऱ्या अदृश्य फाइल तयार होतात, आणि स्टिरिओ त्यांच्यावर अडखळतो. त्या काढून टाका.

फक्त सीडीच चालत असेल तर

कोरी सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) घ्या, सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) नको. आरडब्ल्यूवरून लेझर बराच कमी परावर्तित होतो, अनेक जुने प्लेअर ती नाकारतात. बर्न करताना डिस्क ‘फायनलाइज’ करा (म्हणजे लिहिणं पूर्ण झालं अशी नोंद करून बंद करा), नाहीतर संगणकावर वाजेल आणि गाडीत नाही. ऑडिओ सीडीत ८० मिनिटं मावतात. एमपी३ वाचणाऱ्या स्टिरिओत ७०० एमबीच्या डेटा सीडीवर १९२ केबीपीएसने जवळपास ८ तास.

कागदी लेबल चिकटवू नका. उन्हात कड उचकटते आणि डिस्क फटीतच अडकते, मग डॅशबोर्ड उघडण्यावाचून इलाज नाही. सीडी मार्करने लिहा. सीडी-आरमधला रंगथर उन्हाने आणि उष्णतेने बिघडतो, म्हणून ती डॅशबोर्डवर किंवा सन व्हायझरच्या पाकिटात ठेवू नका. गाडीत नेहमी बर्न केलेली प्रतच न्या, मूळ सीडी नाही. घाटात खड्ड्यांवर गाणं उडत असेल पण सपाट रस्त्यावर नीट वाजत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नाही. उभ्या गाडीतही सगळ्याच सीडी अडकत असतील तर लेन्स बहुधा मळली आहे. लेन्स क्लीनर डिस्क एकदा फिरवून बघा, आणि तरी फरक पडला नाही तर दुरुस्तीच्या खर्चात यूएसबीचा साधा स्टिरिओ येतो का, ते दुकानात विचारा.