बटण काढा, परत टाका: संभाव्यतेच्या गणितात गाडी अडते कुठे

शिवणाच्या डब्यातली पाच बटणं घ्या, तीन लाल, दोन पांढरी, आणि एक कापडी पिशवी. बटणं एकाच मापाची हवीत. पहिल्या वर्षी मी पांढरी जरा मोठी घेतली होती. शिकवणीतली पोरं दोन मिनिटांत ते ओळखून बोटांनी चाचपून हवं ते बटण काढायला लागली आणि माझा तास तिथेच बसला.

आता प्रश्न. न बघता एक बटण काढायचं, रंग लिहायचा, बटण परत पिशवीत टाकायचं आणि पुन्हा एक काढायचं. एक लाल आणि एक पांढरं निघण्याची संभाव्यता किती?

लालची ३/५, पांढऱ्याची २/५. हवी ती बटणं भागिले एकूण बटणं. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

परत टाकणं म्हणजे पिशवी होती तशी करणं. नुसतं वरून सोडलं तर तेच बटण वर राहतं आणि पुढच्या वेळी तेच हाताला लागतं, म्हणून पिशवी नीट हलवा. हलवली की अपूर्णांक जसेच्या तसे, आधी काहीही निघालेलं असो. लुडो खेळताना ‘कधीचा सहा पडला नाहीये, आता पडणारच’ म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. फाशाला मागचं काही आठवत नाही. सहाची संभाव्यता दर वेळी १/६ च. १९१३ साली माँटे कार्लोच्या जुगारघरात लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकावरचा चेंडू सलग २६ वेळा काळ्या घरात पडला आणि ‘आता तरी लाल’ म्हणत लोक पैसे लावत राहिले. हौजीचं मात्र वेगळं. तिथे पुकारलेला आकडा परत टाकत नाहीत, त्यामुळे पहिला आकडा ९० मधला, दुसरा ८९ मधला. गणिताला हात घालण्याआधी एवढं बघा, की काढलेली वस्तू परत जाते आहे का. जात नसेल तर पुढचं सगळं बदलतं.

एकापाठोपाठ दोन गोष्टी घडायच्या असतील तर गुणाकार. पहिलं लाल आणि दुसरं पांढरं: ३/५ × २/५ = ६/२५.

इथवर सगळे बरोबर येतात, उत्तर ६/२५ लिहितात, खाली दोन रेघा मारतात आणि पेन ठेवतात. उत्तर चूक आहे. बरोबर उत्तर १२/२५.

‘दोनने गुणायचं, लक्षात ठेव’ असं सांगून मोकळे होणारे शिक्षक मला भेटले आहेत, आणि तसं शिकवणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो. कारण मी ते लक्षात ठेवलं. पुढच्या गणितात ‘दोन्ही लाल’ असं विचारलं होतं. मी इमानदारीत ९/२५ ला दोनने गुणून १८/२५ लिहिलं, आणि आपलं काय चुकलं हे मला बरेच दिवस उमगलं नाही. का गुणायचं ते माहीत नसेल तर कधी गुणायचं नाही तेही कळत नाही.

तर कारण बघू. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाच बाय पाच चौकटी आखा. वर आडवी पाच बटणं लिहा: ला१, ला२, ला३, पां१, पां२. हे पहिल्या वेळी निघालेलं बटण. डावीकडे उभी तीच पाच, हे दुसऱ्या वेळचं. चौकटी झाल्या २५, आणि पिशवी नीट हलवली असेल तर सगळ्या सारख्याच शक्यतेच्या. आता दोन्ही लाल असलेल्या चौकटी मोजा: एका कोपऱ्यात ९. दोन्ही पांढऱ्या: समोरच्या कोपऱ्यात ४. उरल्या १२, आणि त्या एका गठ्ठ्यात नाहीत. एका कोपऱ्यात सहा, तिरक्या समोरच्या कोपऱ्यात सहा. पहिल्या सहांत आधी लाल मग पांढरं, दुसऱ्या सहांत आधी पांढरं मग लाल. तुम्ही ६/२५ लिहिलंत तेव्हा यातला एक कोपरा टाकून दिलात.

यावर हमखास एक जण म्हणतो, ‘पण मॅडम, मला क्रमाशी काय देणंघेणं? दोन बटणं निघाली, एक लाल, एक पांढरं, संपलं.’ तुम्हाला नसेल, म्हणूनच दोन्ही कोपरे धरायचे. क्रमाशी देणंघेणं असतं तर एकच धरला असता.

तरीही पटत नसेल तर मी दोन पिशव्या काढते. दोन्हींत तीच पाच-पाच बटणं. एकात डावा हात, दुसरीत उजवा, दोन्ही एकदम बाहेर. आता आधी-नंतर काही उरलंच नाही. पण डाव्या हातात लाल आणि उजव्यात पांढरं असेल, किंवा उलटं असेल, हे दोन वेगळे प्रकार डोळ्यांसमोर हातात धरलेले दिसतात. दोन्ही हातांत लाल असेल तर हातांची अदलाबदल करूनही नवा प्रकार होत नाही, म्हणून ९/२५ ला दोनने गुणायचं नाही. एकच पिशवी दोनदा वापरा, मध्ये बटण परत टाका, किंवा अशा दोन पिशव्या घ्या, गणित एकच. माझ्या डोक्यात हे ज्या दिवशी बसलं त्या दिवसापासून हा प्रकार मी कधी चुकले नाही.

चुकलात तर फार लाजू नका. द'अलाँबेर हा फ्रान्सचा मोठा गणिती. १७५४ साली विश्वकोशातल्या लेखात त्याने म्हटलं, की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता २/३. बरोबर उत्तर ३/४. पहिल्यांदाच छापा आला की खेळ संपला म्हणून त्याने तो एकच प्रकार मोजला. खरं तर त्यात दोन दडलेले होते, छापा-छापा आणि छापा-काटा. कोपरा टाकून देण्याचीच चूक. त्याच्याही शंभराहून जास्त वर्षं आधी गॅलिलिओला असंच एक कोडं घातलं होतं. तीन फासे टाकले तर बेरीज ९ यायचे सहा प्रकार, १० यायचेही सहाच, मग जुगाऱ्यांना १० जास्त वेळा का दिसतं? गॅलिलिओने क्रम मोजले. ९ मध्ये ३-३-३ आहे आणि ते एकाच क्रमाने पडतं, ६-२-१ मात्र सहा क्रमांनी. सगळे धरून २१६ पैकी ९ ला २५ आणि १० ला २७. एवढा बारीक फरक नुसत्या खेळण्यातून ज्यांना जाणवला त्या जुगाऱ्यांचं मला जास्त कौतुक वाटतं.

प्रश्नाची भाषा मात्र डोळ्यात तेल घालून वाचा. ‘पहिलं लाल आणि दुसरं पांढरं’ असेल तर क्रम ठरलेला आहे, ६/२५. ‘एक लाल आणि एक पांढरं’ असेल तर १२/२५. पेपर काढणारे याच फरकावर गुण कापतात.

तीन वेळा काढायचं असेल तर दोनने गुणायची सवय आणखी अंगाशी येते. तीनदा काढून नेमकं एक पांढरं हवं आहे. अक्षरं लिहून काढा: पलल, लपल, ललप. तीन क्रम, प्रत्येकाची संभाव्यता २/५ × ३/५ × ३/५ = १८/१२५, एकूण ५४/१२५. चारदा काढून दोन पांढरी: पपलल, पलपल, पललप, लपपल, लपलप, ललपप, म्हणजे सहा क्रम. सूत्र आहे, पण पाच-सहा वेळा हाताने लिहून काढेपर्यंत सूत्राला हात लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ‘निदान एक’. तीनदा काढून निदान एक पांढरं? घाईघाईत २/५ ची तीनदा बेरीज करणारा ६/५ वर पोचतो, म्हणजे खात्रीपेक्षाही जास्त खात्री. उलट बाजूने जा. एकही पांढरं नाही म्हणजे तिन्ही लाल, २७/१२५. ते १ मधून वजा करा, ९८/१२५. एका फाशावर चार टाकांत निदान एक सहा याच रीतीने ६७१/१२९६, अर्ध्याहून थोडं जास्त. दोन फाशांवर २४ टाकांत निदान एकदा दोन्ही सहा पडण्याची संभाव्यता मात्र जेमतेम ०.४९. ४/६ आणि २४/३६ तर सारखेच, मग उत्तरं वेगळी कशी, हा घोळ द मेरे नावाच्या जुगारी खेळाडूने पास्कलपुढे मांडला, आणि १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींच्या पत्रांतून संभाव्यतेचं शास्त्र उभं राहिलं.

उत्तर लिहिल्यावर बेरीज तपासा. दोनदा काढताना ९ + १२ + ४ = २५. तीनदा काढताना पांढरी शून्य, एक, दोन, तीन अशी २७ + ५४ + ३६ + ८ = १२५. बेरीज कमी पडली तर कुठला तरी क्रम राहिला, जास्त झाली तर कुठला तरी दोनदा धरला.

आणि एवढं करूनही ६/२५ च बरोबर वाटत असेल तर सरळ पिशवी घेऊन बसा. शंभर जोड्या काढा, एकाने काढायचं, दुसऱ्याने उभ्या रेघा मारायच्या. लाल-पांढऱ्या मिश्र जोड्या ४८ च्या आगेमागे येतील, बहुतेक वेळा ३८ ते ५८ च्या मध्ये. २४ येणार नाहीत. दोनशे वेळा हात घालायचा आहे, तासभर लागेल, आणि दर वेळी पिशवी हलवायला विसरू नका.