कपाळावरचे पिंपल्स कसे आटोक्यात आले

माझे पिंपल्स कपाळावर, केसांच्या कडेलाच जास्त यायचे. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो तेलाचा. आमच्याकडे रात्री डोक्याला तेल चोपडून झोपायची पद्धत. ते तेल उशीवरून, घामाबरोबर कपाळावर उतरतं आणि रंध्रं बुजवतं. आता तेल फक्त न्हाण्याआधी तासभर लावते, उशीचा अभ्रा दोन-तीन दिवसांनी बदलते. आईला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, पण सर्वांत मोठा फरक यानेच पडला.

कांदिवली ते चर्चगेट लोकलच्या गर्दीत घाम येणारच. तो रुमालाने घासायचा नाही, टिपायचा. चेहरा सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदाच धुवायचा. लिंबू, टूथपेस्ट अजिबात नको, कातडी भाजते. चहातली साखर कमी केली, त्याने मला थोडाच फरक जाणवला.

सोबत रात्री डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅडापलीन जेल, मटाराच्या दाण्याएवढं, आणि सकाळी सनस्क्रीन. परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, तेवढ्याने सोडू नका. गरोदरपणात मात्र हे जेल टाळतात. आणि दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.