घरभर पाहुण्यांसाठी कॉमेडी सिनेमा कसा निवडायचा

मे महिना. नागपूरच्या महाल भागातलं आमचं घर पाहुण्यांनी गच्च, बाहेर 45 डिग्री. टीव्हीसमोर गाद्या पडतात आणि कुणीतरी म्हणतं, "ताई, एखादा चांगला कॉमेडी लाव ना." चांगला म्हणजे कोणासाठी, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला.

'जाने भी दो यारों' (1983) माझा जीव की प्राण. एका वर्षी हौसेने लावला. मढं द्रौपदीची साडी नेसून महाभारताच्या नाटकात शिरतं, तिथे मी हसून लोळत होते. आत्यानेही तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं, हसतेय. तिचे यजमान जाऊन पाच महिने झाले होते. "मेलेल्या मानसाची अशी मजाक करते का कोनी?" एवढंच म्हणून ती आत गेली.

तेव्हापासून मी आधी माणसं बघते, मग सिनेमा. आवड विचारू नका. सगळेच "साधी, निखळ कॉमेडी" म्हणतात. मागच्या खेपेला कोण कशाला हसलं ते आठवा. आमचे काका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत फक्त बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, बघायला जातात. महागाईला, पुढाऱ्यांना काढलेला चिमटा असला की ते खूश. पडद्यावर कुणी घसरून पडलं की चष्मा पुसत बसतात. आत्याला गोंधळ कितीही चालतो, पण शेवटी सगळं जुळायला हवं. नायक तुरुंगात गेले की तिच्या लेखी ती कॉमेडीच नाही.

भाचीचं वेगळंच. 'अशी ही बनवाबनवी' (1988) लागला की अर्धी खोली नटांच्या आधी संवाद म्हणते, आणि ही विचारते, "पुरुषाने साडी नेसली यात हसायचं काय?" इथे वाद घालू नका. "तुला विनोदच कळत नाही" हे तर चुकूनही नको. अशोक सराफ साळसूद चेहऱ्याने थापा मारतात, तिथे तीच सगळ्यांत आधी फिसकन हसली.

आणि कूलर! याचा विचार कुणीच करत नाही. 'अंगूर' (1982) मधली निम्मी गंमत संजीव कुमार आणि देवेन वर्मांच्या हळू आवाजातल्या बोलण्यात आहे. आमच्या कूलरच्या घरघरीत ती पार वाहून गेली. तसले सिनेमे डिसेंबरसाठी ठेवा. उन्हाळ्यात डोळ्यांना दिसेल अशी गंमत हवी.

पहिली वीस मिनिटं टीव्हीकडे नाही, गाद्यांकडे बघा. आत्या "चहा ठेवते" म्हणून उठली की समजायचं, सिनेमा पडला.

यंदा 'गोलमाल' (1979) लावला. नोकरीसाठी थापा, हाही एक चिमटाच, म्हणजे काकांची सोय. शेवटी सगळं जुळतं, आत्याची सोय. आणि अमोल पालेकरची खोटी मिशी, ती कूलरच्या आवाजातही दिसते. आत्या शेवटपर्यंत हलली नाही. चहा काकांनाच ठेवावा लागला.