पाटणादेवीच्या जंगलात कुटुंबासह एक दिवस : तयारी आणि वागणूक

चाळीसगावच्या दक्षिणेला सुमारे अठरा किलोमीटरवर सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे आणि तिच्या भोवतीचे जंगल गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडते. १९८६ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे असून जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. ताडोबा किंवा मेळघाट यांच्यासारखे त्याचे नाव झालेले नाही, त्यामुळे खानदेशातील बहुतेक कुटुंबे येथे देवदर्शन आणि धबधबा एवढ्यासाठीच येतात. येथे बिबट्या, अस्वल, तरस, कोल्हा, नीलगाय, चिंकारा, रानडुक्कर आणि वानर यांचा वावर आहे, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे. मात्र त्यांपैकी काय दिसेल याचे वचन देऊ नये. ज्या मुलाला वाघ-बिबट्या दाखवण्याचे कबूल करून आणलेले असते ते दुपारपर्यंत हिरमुसते, आणि ज्याला मागोवा घ्यायला शिकवलेले असते ते मूल संध्याकाळी परत निघायला तयार होत नाही, असे मी वारंवार पाहिले आहे.

हवामानाचा विचार प्रथम करावा. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो; त्या दिवसांत लहान मुले आणि वृद्ध यांना घेऊन जंगलात दिवसभर थांबणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात धवलतीर्थ आणि केदारकुंड या धबधब्यांचे पाणी पाहण्यासारखे असते, तरी डोंगरावर पाऊस पडत असताना ओढ्याच्या पात्रात अजिबात उतरू नये, कारण खाली ऊन असतानाही वरून लोंढा येऊ शकतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी याच डोंगरात झालेल्या अतिवृष्टीने चाळीसगाव परिसरात महापूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या, हे विसरण्यासारखे नाही. कुटुंबासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुलतो, झाडांची पाने गळालेली असल्याने नजर लांबवर पोहोचते आणि पाणवठे कमी उरल्यामुळे प्राणी त्यांच्या जवळपास राहतात. नवरात्रात मात्र देवीच्या दर्शनाला मोठी गर्दी होते; ते दिवस यात्रेसाठी ठेवावेत, जंगल पाहण्यासाठी नव्हे.

जळगावहून रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर असल्याने पहाटे चार-साडेचारला निघावे लागते. ते जमणार नसेल तर आदल्या संध्याकाळी रेल्वेने चाळीसगावला मुक्कामी येणे अधिक सोयीचे, कारण मुंबई–भुसावळ मार्गावरील हे जंक्शन धुळ्याच्या फाट्यालाही जोडलेले आहे. काहीही करून उजाडण्याच्या सुमारास पायथ्याशी असावे. सकाळचे पहिले दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास एवढ्याच वेळेत जंगल हालचाल करते. मधला वेळ सावलीत बसण्याचा. वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क असल्यास भरून, पावती जपून ठेवावी आणि त्या दिवशी कोणता मार्ग खुला आहे हे तेथील वनरक्षकांना विचारावे. स्थानिक वाटाड्या मिळत असेल तर त्याला सोबत घेण्यात संकोच करू नये. त्याचे मानधन आधी ठरवावे.

डब्याबाबत थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे बहुतेक चुका खाण्यावरूनच होतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, उकडलेले बटाटे असे कोरडे आणि वास न दरवळणारे पदार्थ घ्यावेत. जळगावकरांच्या पिशवीत केळी नाहीत असे सहसा होत नाही, पण ती गाडीतच बंद ठेवावीत. मंदिराच्या आसपास वावरणारी वानरे पिशवीचा आकार आणि फळाचा वास दोन्ही ओळखतात. वानरांना एक शेंगदाणासुद्धा देऊ नये. ज्या वानराला हातातून खाण्याची सवय लागते ते पुढच्या मुलाच्या हातावर झडप घालते, आणि मग दोष वानराला दिला जातो. ओरखडा किंवा चावा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी रुग्णालय गाठावे. पाणी माणशी किमान तीन लिटर घरूनच न्यावे. जंगलात चूल, शेगडी, उदबत्ती काहीही पेटवू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरेशी होते.

कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे असावेत आणि पायांत बंद बूट असावेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या भागात आढळतात, म्हणून दगडाखाली किंवा वारुळात हात घालण्यास मुलांना सक्त मनाई करावी. दंश झालाच तर जखम कापू नये, दोरी आवळू नये. दंश झालेला अवयव हलू न देता, माणसाला धीर देत थेट रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दरीत मोबाइलला रेंज मिळेल असे गृहीत धरू नये, म्हणून गाडी आणि चालक जवळ असावेत. बिबट्याबद्दल घबराट नको, पण बेफिकिरीही नको. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली होती. चालताना मुले नेहमी मोठ्यांच्या मध्ये असावीत, कोणीही एकटे झुडपाआड जाऊ नये आणि अंधार पडण्यापूर्वी सर्वांनी जंगलाबाहेर यावे.

आता मुख्य गोष्ट. चालणे कमी आणि बसणे अधिक, असे या दिवसाचे नियोजन करावे. पाणवठ्यापासून बऱ्याच अंतरावर, वारा पाणवठ्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला, झाडाच्या सावलीत पाऊण तास न बोलता बसल्यास जे दिसते ते तीन तास भटकून दिसत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांना पाऊण तास शांत बसणे कठीण वाटते, म्हणून त्यांना काम द्यावे: एकाने आवाज मोजावेत, दुसऱ्याने आकाशात फिरणारे पक्षी वहीत काढावेत. वानर उंच फांदीवरून एकाच दिशेला पाहत खर्जातल्या तुटक आवाजात पुन्हा पुन्हा ओरडू लागले आणि मोरानेही साद दिली, तर त्या दिशेला बहुधा बिबट्या आहे. तो दिसला नाही तरी जंगल त्याच्याविषयी बोलताना मुलांनी ऐकले, याचे मोल मला दर्शनाइतकेच वाटते.

वाटेवरची माती हेही एक पुस्तकच आहे. बिबट्याच्या पंजाचा ठसा गोलसर असतो आणि त्यात नखे उमटत नाहीत, कारण मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. तरस आणि कुत्र्याच्या ठशात मात्र नखांच्या खुणा दिसतात. नीलगाय एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकते, त्यामुळे त्यांचा ढीग सापडला की ती जागा तिच्या नेहमीच्या वावरातील आहे असे समजावे. उकरलेले वारूळ अस्वलाचे काम असू शकते. साळिंदराचा काटा सापडला तर मुलांनी तो हातात घेऊन पाहावा आणि परत तेथेच ठेवावा. अभयारण्यातून काटा, पीस, दगड, बी काहीही घरी नेऊ नये.

झाडांची ओळख अंजनापासून सुरू करावी, कारण हे झाड खानदेशच्या कोरड्या डोंगरांचे खरे रहिवासी आहे. त्याचे पान आपट्यासारखे जोडीचे, पण लहान आणि खोलवर दुभंगलेले असते. पांढरट, गुळगुळीत सालीचा कांडोळ चांदण्यात इतका चमकतो की काही भागांत त्याला भुत्या म्हणतात, आणि ही माहिती मुले कधीही विसरत नाहीत. वड किंवा उंबर फळांनी लगडलेला दिसला तर त्याखाली थांबावे. राज्यपक्षी हरियाल पानांत इतका मिसळून जातो की फळ पडल्याच्या आवाजावरूनच तो कळतो.

ऊन चढल्यावर मंदिराकडे यावे. चंडिकादेवीचे, म्हणजेच पाटणादेवीचे, दर्शन घेऊन जुन्या महादेव मंदिराच्या सावलीत जेवण्यापूर्वीचा वेळ काढता येतो, फक्त कोरीव दगडांवर कोणी चढू नये. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला येथे मठ स्थापन केल्याचे पाटणच्या शिलालेखावरून कळते. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. शाळेत गणित शिकणाऱ्या मुलाला हे येथेच सांगावे. पितळखोऱ्याच्या लेण्यांचा मोह लहान मुले सोबत असताना टाळावा. खालून जाणारी वाट दगडधोंड्यांची आणि थकवणारी आहे.

परतीच्या रस्त्यावर गाडीचा वेग कमी ठेवावा, कारण संध्याकाळी नीलगाय आणि रानडुकरे शेतांकडे निघालेली असतात आणि एक आडवी गेली की मागून आणखी असतातच. जखमी प्राणी दिसल्यास त्याला हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. घरी पोहोचल्यावर मुलांच्या कानामागे, काखेत आणि घोट्यांजवळ गोचीड चिकटलेली नाही ना हे पाहावे, असल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी, आणि सर्वांचे कपडे गरम पाण्यात भिजत टाकावेत. झोपण्यापूर्वी मुलाच्या वहीत तारीख, वेळ, जागा आणि पाहिलेल्या ठशाचे माप एवढे मात्र लिहून घ्यावे. पुढच्या हिवाळ्यात त्याच पाणवठ्यावर बसताना ती वही सोबत लागेल.