पावसाळ्यापूर्वी लॉनमधील चिवट गवतवर्गीय तणांचा बंदोबस्त

सिलेक्शन-१ सारखी हरळीची लॉन आणि नर्सरीत मेक्सिकन लॉन म्हणून मिळणारे झोयसिया ही उष्ण हवामानात वाढणारी गवते जूनच्या पहिल्या चांगल्या पावसाबरोबर जोम धरतात आणि नेमक्या त्याच दिवसांत मातीत पडून राहिलेले तणाचे बीही उगवते. लॉन हे स्वतःच गवत असल्यामुळे त्यातील गवतवर्गीय तण मारणे रुंद पानांच्या तणापेक्षा पुष्कळ अवघड असते, म्हणून पंप भरण्यापूर्वी तण नेमके कोणते आहे हे ओळखावे, असा आमचा आग्रह आहे.

पायवाटेच्या कडेला, तुडवून घट्ट झालेल्या जागी, चपट्या पांढरट बुडाचे आणि ओढल्यावर सहजी न उपटणारे जे गवत दिसते ते नाचणीच्या कुळातील एल्युसिन इंडिका होय. पेरांवर मुळे फोडत पसरणारे, बोटांसारख्या बारीक कणसांचे गवत डिजिटेरिया वर्गातील असते. लव्हाळा मात्र गवत नव्हेच. त्याचा दांडा बोटांत फिरवून पाहिल्यास तो तिधारी लागतो आणि गवतावरची औषधे त्याच्यावर चालत नाहीत.

बियांपासून येणाऱ्या पहिल्या दोन तणांसाठी उगवणीपूर्वीची फवारणी हाच खरा उपाय आहे. मुळे धरून स्थिरावलेल्या लॉनवर, तण उगवण्याआधी, पेंडीमेथॅलीन ३० टक्के ईसी (पाण्यात मिसळणारे द्रवरूप तणनाशक) हेक्टरी ३.३ लिटर, म्हणजे गुंठ्याला सुमारे ३३ मिली, ५ लिटर पाण्यातून एकसारखे फवारावे आणि नंतर हलके पाणी देऊन ते मातीच्या वरच्या थरात उतरू द्यावे. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबावे. हे औषध कोवळ्या मुळांची वाढ रोखते, त्यामुळे नुकत्याच लावलेल्या ठोंबांवर किंवा अंथरलेल्या तयार लॉनच्या गादीवर ते मुळीच वापरू नये, कारण लॉनच्या धावत्या फांद्याही मुळे धरत नाहीत.

उगवून आलेल्या डिजिटेरियावर क्विनक्लोरॅक हे तणनाशक उपयोगी पडते आणि हरळीची लॉन थोडी पिवळी पडून सावरते, परंतु एल्युसिनवर त्याचा भरवसा धरू नये; ते पावसानंतर माती ओली असताना, तुरे येण्याआधी, खुरप्याने मुळासकट काढावे आणि त्या जागेची माती बागकामाच्या काट्याने भोके पाडून मोकळी करावी. क्विनक्लोरॅक फवारलेल्या लॉनचे कापलेले गवत टोमॅटो, मिरची, वांग्याच्या वाफ्यात आच्छादनासाठी किंवा कंपोस्टमध्ये घालू नये, त्या पिकांना इजा होते.

लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत साखळीसारख्या जोडलेल्या असतात आणि उपटताना साखळी तुटली की मागे राहिलेली प्रत्येक गाठ नव्याने फुटू शकते, म्हणून उपटण्यात वेळ घालवू नये. तो ३ ते ५ पानांवर असताना हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के डब्ल्यूजी (पाण्यात विरघळवायचे दाणेदार तणनाशक) हेक्टरी ९० ग्रॅम फवारावे. गुंठ्याला हे प्रमाण जेमतेम ०.९ ग्रॅम भरते, तेव्हा चमच्याच्या अंदाजावर न जाता सोनाराच्या काट्यासारखा बारीक काटा वापरावा, पाण्यात स्टिकर (औषध पानांना चिकटवणारे द्रव्य) मिसळावे आणि फवारणीच्या आधी व नंतर दोन दिवस लॉन कापू नये. लव्हाळा पिवळा पडायला दोन ते तीन आठवडे लागतात. घाईने दुसरी फवारणी केल्यास नुकसान लॉनचेच होते.

झोयसियामध्ये घुसलेली हरळी हे सर्वांत त्रासाचे दुखणे आहे. फेनॉक्झाप्रॉप-पी-इथाईल हे तणनाशक झोयसिया बऱ्यापैकी सोसते आणि हरळी दबते, पण एका फवारणीत ती संपत नाही. हेच औषध हरळीच्या लॉनवर पडले तर लॉन करपेल.

ही तणनाशके आपल्याकडे ऊस, भात, सोयाबीन यांसारख्या पिकांसाठी नोंदलेली आहेत, लॉनसाठी नव्हे. त्यामुळे कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना विचारल्याशिवाय यांपैकी काहीही वापरू नये आणि त्यांनी होकार दिल्यावरही आधी कोपऱ्यातल्या एका चौरस मीटरवर फवारून पंधरा दिवस परिणाम पाहावा. विदर्भ-मराठवाड्यात पाऊस लांबला आणि लॉन उन्हाने कोमेजलेली असली, तर उगवणीनंतरची कोणतीही फवारणी पुढे ढकलावी. ग्लायफोसेट हे तणनाशक लॉनसकट सारे मारते, शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे.

नवी लॉन लावणाऱ्यांनी लाल माती आणि शेणखत कुठून येते हे स्वतः जाऊन पाहावे, कारण अर्धवट कुजलेल्या खतातून तणाचे बी आणि मातीतून लव्हाळ्याच्या गाठी आयत्याच घरात येतात. माती-खताची भरणी झाल्यावर पाणी देऊन दोन-तीन आठवडे थांबावे, उगवलेले तण काढावे आणि मगच लागवड करावी.